विभावाविना अनुभाव : भावनातिरेकाच्या संकलित चित्रफिती

२०१० साली यूट्यूबवर एक चित्रफीत प्रसृत झाली. निकोलस केज या अमेरिकन नटाने निरनिराळ्या चित्रपटांत जेथे जेथे भावनेचा बांध फोडला आहे तेवढेच क्षण कापून घेऊन कोणा हौशी संकलकाने ते एकापुढे एक जोडले होते. फितीची लांबी जेमतेम चार मिनिटांची. केज किंचाळतो, हसतो, डोळे वटारतो, कोणाच्या तरी अंगावर धावून जातो. एक चेहरा निवतो न निवतो तोच दुसऱ्या चित्रपटातला चेहरा पेटून उठतो. पार्श्वभागी संगीत आहे ते क्लिंट मॅन्सेलने ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ (२०००) या चित्रपटासाठी रचलेले, चढत्या आवर्तनांचे आणि अत्यंत गंभीर. पाहणारा पहिल्या अर्ध्या मिनिटात चकित होतो आणि पुढची साडेतीन मिनिटे हसत राहतो. या फितीच्या आगेमागे अशा संकलनांचे पीकच आले. अल पचिनोच्या आरोळ्या, हिंदी चित्रपटांतले मृत्युप्रसंग, दूरचित्रवाणी मालिकांमधल्या सासूचे कटाक्ष, असे सारे काही त्यांत जमा होत गेले.

या गोष्टी समीक्षेच्या कक्षेत येण्याजोग्या आहेत काय, असा प्रश्न ग्रंथालयात बसून वाचणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. करमणुकीचा हा प्रकार क्षुल्लक आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु अभिनय म्हणजे काय, तो कोठे संपतो आणि त्याचा आभास कोठे सुरू होतो, हा भारतीय नाट्यविचारातला फार जुना प्रश्न या क्षुल्लक फितींनी नकळत पुन्हा उभा केला आहे. आणि तो अशा रीतीने उभा केला आहे की केवळ नाक मुरडून त्याची बोळवण करता येत नाही.

अतिरेकी अभिनयाला हसणे हे काही आजच्या युगाचे अपत्य नव्हे. शेक्सपिअरचा हॅम्लेट तिसऱ्या अंकात राजवाड्यात आलेल्या नटांना आवाज आणि हात आवरण्याचा उपदेश करतो. गोपाळ गणेश आगरकरांनी हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली मराठीत आणले आणि गणपतराव जोशी यांच्या भूमिकेमुळे ते मराठी रंगभूमीच्या स्मृतीत कायमचे रुजले. म्हणजे संयमाचा हा उपदेश मराठी प्रेक्षकाच्या कानावरून गेल्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. भावनेचा उत्कट क्षण नाटकातून वेगळा काढून त्याचा स्वतंत्रपणे आस्वाद घेण्याची खोडही या प्रेक्षकाला नवी नाही. संगीत रंगभूमीवरचा ‘वन्समोअर’ म्हणजे दुसरे काय होते? बालगंधर्वांची भामिनी किंवा सिंधू रंगमंचावर उभी असताना प्रेक्षकांतून गजर होई आणि कथानकाचा प्रवाह थांबवून तेच पद पुन्हा गायिले जाई. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, तेव्हा तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत नाट्यपदे नाटकाबाहेर पडून घरोघर गेली. शिखर तेवढे उचलून न्यावे आणि डोंगर तेथेच सोडावा, ही रसिकतेची एक रीतच आहे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘वन्समोअर’ देणारा प्रेक्षक त्या शिखरापर्यंत पायी चढून आलेला असे. सिंधूची दैना त्याने अंकाअंकांतून पाहिलेली असे. पद दुसऱ्यांदा ऐकताना ती त्याच्या मनात जागी असे. तबकडी ऐकणाऱ्यालाही बहुधा नाटक ठाऊक असे. संकलित फीत पाहणाऱ्याला मात्र डोंगर कोठे आहे याचाच पत्ता नसतो, आणि त्याला तो नसावा हीच संकलकाची इच्छा असते.

येथे भरताच्या परिभाषेचा उपयोग होतो. भरताच्या मते विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निष्पन्न होतो. ज्याच्यामुळे किंवा ज्या परिस्थितीमुळे भावना उद्भवते तो विभाव; ती भावना देहावर आणि वाणीवर उमटते तो अनुभाव. अश्रू, कंप, स्वरभंग, विवर्णता हे सात्त्विक भाव. त्यांच्यावाचून उत्कट प्रसंग उभाच राहत नाही. प्रेक्षकाच्या मनात रस निर्माण होतो तो या साऱ्यांच्या जुळणीतून. संकलक जे करतो ते शास्त्रीय भाषेत सांगायचे तर इतकेच, की तो विभाव कापून टाकतो आणि अनुभाव शिल्लक ठेवतो. मूल कोणाचे मेले हे तो दाखवत नाही, आई आक्रोश करते तेवढे दाखवतो. विश्वासघात कोणी केला हे अंधारात राहते. मुठी आवळलेला माणूस तेवढा उजेडात येतो.

विभावाविना अनुभाव हास्यास्पद का होतो, याचे उत्तर अभिनवगुप्ताने दिलेले आहे. भरताने हास्याचे मूळ शृंगाराच्या अनुकृतीत दाखविले होते. ‘अभिनवभारती’त अभिनवगुप्ताने ते तत्त्व रुंदावले आणि केवळ शृंगाराचाच नव्हे तर कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो, असे प्रतिपादन केले. त्याचे उदाहरण मार्मिक आहे. जो आपला कोणी लागत नाही त्याच्यासाठी एखादा आप्तासारखा शोक करू लागला, तर तो शोक करुण न राहता हास्याचा विषय होतो. प्रस्तुत फितींची सारी किमया या एका निरीक्षणात सामावलेली आहे. संकलक मृताला चौकटीबाहेर काढतो आणि प्रत्येक नटाला परक्याच्या दारात जाऊन छाती पिटणारा माणूस करून सोडतो. मात्र अभिनवगुप्ताच्या उदाहरणात अनौचित्य त्या शोक करणाऱ्याच्या वर्तनातच आहे. येथे ते कात्रीने निर्माण केलेले आहे. औचित्य हे रसाचे जीवित आहे असे क्षेमेंद्राने म्हटले. संकलकाची कला ही ते जीवित नेमकेपणाने काढून घेण्याची कला होय.

चित्रपटाच्या इतिहासातही या क्रियेचे एक उलटे प्रतिबिंब सापडते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव याने १९१७च्या क्रांतीनंतरच्या काळात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने निरनिराळ्या दृश्यांशी जोडला. सुपाचा वाडगा, शवपेटी अशी ती दृश्ये असल्याचे वर्णन केले जाते. आणि त्या एकाच चेहऱ्यावर प्रेक्षकांना कधी भूक दिसली तर कधी शोक. अनुभाव जवळजवळ शून्य, पण विभाव मिळताच प्रेक्षकाने उरलेले काम स्वतःच केले. संकलित फितीत याच्या नेमके उलट घडते. अनुभाव काठोकाठ भरलेला असतो, पण विभाव नसल्यामुळे प्रेक्षकाचे मन काहीच करू शकत नाही. आणि निरुद्योगी मन हसते. केजच्या फितीतले ते गंभीर संगीत या दृष्टीने मोठे चतुर म्हणावे लागेल. काहीतरी भव्य आणि अटळ घडत असल्याचे वचन ते देत राहते, आणि वचन पुरे करणारे असे पडद्यावर काहीच येत नाही.

हा सिद्धान्त एखाद्या प्रत्यक्ष कलाकृतीवर घासून पाहिला पाहिजे. त्यासाठी ‘व्हॅम्पायर्स किस’ हा चित्रपट सर्वांत सोयीचा. १९८८मध्ये पूर्ण झालेला आणि १९८९मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला रॉबर्ट बिअरमनचा हा चित्रपट तेव्हा पडला. आज त्याचे कितीतरी तुकडे जगभर फिरत आहेत. त्यांतला सर्वांत लोकप्रिय तुकडा असा आहे : पीटर लो नावाचा एक गृहस्थ आपल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंसमोर उभा राहून इंग्रजी मुळाक्षरे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. प्रत्येक अक्षराबरोबर त्याचा आवाज चढतो, हात हवेत झेपावतात, आणि अखेरच्या अक्षरापाशी तो एखादे साम्राज्य जिंकल्यासारखा थांबतो. एवढेच पाहिले तर हसू आवरत नाही. प्रौढ माणसाने बालवाडीतला पाठ महाकाव्यासारखा म्हणावा, याहून मोठी विसंगती कोणती?

चित्रपटात मात्र या मुळाक्षरांना एक विभाव आहे. पीटर लो हा न्यूयॉर्कमधला साहित्य-अभिकर्ता. कोणा लेखकाचा एक जुना करार कचेरीच्या दप्तरात सापडत नाही. तो शोधण्याचे काम त्याने आल्वा नावाच्या आपल्या सचिव मुलीवर टाकले आहे, आणि या एका कागदाच्या निमित्ताने तो तिचा दिवसेंदिवस छळ मांडतो. कागद अक्षरानुक्रमे लावायचे म्हणजे त्यात अवघड ते काय, चूक होतेच कशी, हे पटविण्यासाठी त्याने ती मुळाक्षरे म्हटलेली आहेत. एकीकडे आपल्याला एका रक्तपिपासू स्त्रीने दंश केला असून आपण स्वतः पिशाच्च होत चाललो आहोत, या भ्रमाने त्याला ग्रासले आहे. दुसरीकडे त्याच्या हाताखालची एक गरीब मुलगी धुळीच्या फायलींतून तो कागद शोधते आहे, भीतीने आजारी पडते आहे. ती घरी राहिली तर हा तिच्या घरी जाऊन तिला परत घेऊन येतो. शेवटी तो तिच्यावर बळजबरी करतो. मुळाक्षरांचा पाठ ज्या वाटेवर येतो ती वाट कोठे जाते हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकालाही त्या क्षणी हसू येते. परंतु ते घशात अडकते. ते तसे अडकावे अशीच त्या चित्रपटाची योजना आहे.

ही योजना अभिनयाच्या दोन रीतींवर उभारलेली आहे आणि तिकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. भरताने नाट्यधर्मी आणि लोकधर्मी असा भेद केला. लोकव्यवहाराशी जुळणारी ती लोकधर्मी, संकेतांनी उंचावलेली ती नाट्यधर्मी. केजचा पीटर लो संपूर्णतः नाट्यधर्मी आहे. त्याचे बोलणे कोठल्याच प्रांताचे नाही. साहित्याचे प्राध्यापक असलेल्या आपल्या वडिलांच्या बोलण्याच्या धाटणीवरून ते घेतल्याचे केजने सांगितले आहे. त्याचे खांदे, बोटे, वटारलेले डोळे मुर्नाउच्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या मूकपटातल्या पिशाच्चाची आठवण करून देतात. याउलट आल्वाचे काम करणारी मारिया कॉन्चिता अलोन्सो आरंभापासून अखेरपर्यंत लोकधर्मी आहे. तिची भीती कचेरीत काम करणाऱ्या कोणाही मुलीची भीती आहे. तिचे रडणे लहान आणि खरे आहे. एका खोलीत एक माणूस नाट्यधर्मीत उभा आहे आणि दुसरे माणूस लोकधर्मीत, आणि सत्ता पहिल्याच्या हाती आहे. या चित्रपटातले भय त्या दोहोंच्या मधल्या फटीतून येते. संकलित फितीत पीटर लो येतो, आल्वा येत नाही. तिच्या रडण्यात हसण्याजोगे काही नसल्यामुळे तिला तेथे जागाच नाही. म्हणजे कात्री केवळ संदर्भ कापते असे म्हणणे अपुरे आहे. ती पीडित व्यक्तीला कापते आणि पीडा देणाऱ्याला विदूषक करून परत पाठवते.

एवढ्यावरून संकलक नेहमीच अपराधी ठरतो असे मात्र नाही. ‘द विकर मॅन’ (२००६) हा नील लब्यूटचा चित्रपट पाहावा. रॉबिन हार्डीच्या १९७३च्या गाजलेल्या चित्रपटाची ही नवी आवृत्ती. हरवलेल्या मुलीच्या शोधात एका बेटावर गेलेला पोलीस अधिकारी तेथल्या स्त्रीसत्ताक पंथाच्या तावडीत सापडतो; त्याच्या डोक्यावर जाळीचा पिंजरा चढवून आत मधमाश्या सोडल्या जातात आणि तो मधमाश्यांच्या नावाने किंकाळ्या फोडतो. हा प्रसंग संकलित फितींचा मुकुटमणी मानला जातो. गंमत अशी की चित्रपटगृहात दाखविलेल्या आवृत्तीत तो नव्हताच. पुढे घरगुती पाहण्यासाठी निघालेल्या तबकडीवरच्या आवृत्तीत तो होता. ज्या दृश्यासाठी चित्रपट ओळखला जातो ते दृश्य पैसे देऊन चित्रपटगृहात गेलेल्यांनी पाहिलेलेच नाही! आणि तो प्रसंग सबंध चित्रपटात परत नेऊन ठेवला तरी हसू थांबत नाही. बेटावरच्या त्या पंथाची भीती दिग्दर्शकाला आधीच्या दीड तासात निर्माण करता आलेली नसते; विभाव कापला जाण्यापूर्वीच तो दुबळा आहे. यातला हास्यास्पदपणा आपल्याला आणि दिग्दर्शकाला तेव्हाच ठाऊक होता असे केजने पुढे सांगितले आहे. तसे असेल तर संकलकाने त्याच्या हेतूवर अन्याय केला असेही म्हणता येत नाही. तुकडा मूळ कृतीत परत ठेवल्यावर हसू टिकते की विरते, ही एक साधी कसोटी यातून हाती लागते. टिकले तर दोष कृतीचा. विरले तर कात्रीचा.

हीच कसोटी भारतीय दूरचित्रवाणीकडे वळविली तर उत्तर इतके सरळ येत नाही. ‘साथ निभाना साथिया’ ही हिंदी मालिका स्टार प्लस वाहिनीवर २०१० ते २०१७ या काळात चालली. राजकोटच्या एका संपन्न गुजराती कुटुंबातली करारी सासू कोकिला आणि तिच्या सुना गोपी व राशी यांची ती कथा. एका प्रसंगात कोकिला सुनांची झडती घेते. कुकरमधले चणे काढून रिकामा कुकर शेगडीवर कोणी ठेवला, त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होते, हा तपासाचा विषय. रूपल पटेल यांनी हा प्रसंग खुनाच्या खटल्यातल्या सरकारी वकिलाच्या आवेशाने वठविला आहे. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तेव्हाच्या औरंगाबादच्या यशराज मुखाटे या तरुण संगीतकाराने त्या संवादाला ताल आणि स्वर देऊन त्याचे गाणे केले. ‘रसोडे में कौन था’ या नावाने ते काही दिवसांतच देशभर झाले. राशीची भूमिका करणाऱ्या रुचा हसबनीस मराठीच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या मालिकेचा दुसरा भाग वाहिनीने सुरू केला आणि रूपल पटेल कोकिलेच्या रूपात पुन्हा अवतरल्या. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीने मूळ कृतीला पुनर्जन्म दिल्याची अशी उदाहरणे विरळाच.

या मालिकांत अनुभाव फुगलेला असतो, याला कारणे आहेत. आठवड्यातले पाच-सहा दिवस ठरलेला वेळ भरायचा असतो. एका वाक्यावर प्रत्येक पात्राचा चेहरा जवळून दाखवायचा, त्यावर ढोलाचा ठोका द्यायचा, तोच चेहरा पुन्हा दाखवायचा, ही त्या निर्मितीव्यवस्थेची गरज आहे. तेव्हा रिकाम्या कुकरवरून एवढा गहजब पाहून हसणारा चुकतो असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु कुकर हा येथे फार तर उद्दीपन विभाव आहे. आलंबन आहे ती गोपी : मामाच्या घरी वाढलेली, शिक्षणापासून वंचित राहिलेली, थोरामोठ्यांच्या घरात सून होऊन आलेली मुलगी, आणि तिच्यासमोर उभी असलेली, तिच्या मामाचीच शिकलेली मुलगी राशी. रोज ही मालिका पाहणाऱ्या बाईला त्या प्रश्नात स्वयंपाकघरावरचा ताबा, घरातले स्थान, आळ आणि निर्दोषत्व हे सारे ऐकू येत असते. तिच्या लेखी विभाव वर्षानुवर्षे साठत आलेला असतो. हसणाऱ्याने त्यातला एकही दिवस पाहिलेला नसतो.

मुखाटे यांची कृती या बाबतीत नुसत्या संकलनाहून वरच्या दर्जाची ठरते. संकलक तुकडे जोडतो आणि बाजूला होतो. येथे ऐकण्याचे काम झाले आहे. रूपल पटेल यांच्या वाचिक अभिनयात, त्या शब्दांवर देत असलेल्या आघातांत आणि विरामांत, एक ठाशीव लय मुळातच होती. ती नसती तर त्या बोलण्यावर ताल बसलाच नसता. विनोदाच्या मिषाने का होईना, एका नटीच्या वाणीचे असे बारकाईने केलेले परीक्षण मालिकांच्या वाट्याला क्वचितच आले असेल. वृत्तपत्रीय समीक्षेने तर या मालिकांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मराठीपुरते बोलायचे तर ‘माहेरची साडी’चा (१९९१) दाखला पुरेसा आहे. विजय कोंडके यांच्या या चित्रपटाला गावोगावच्या बायका लोटल्या आणि अलका कुबल यांच्याबरोबर पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या. आज त्याच अश्रूंची चित्रे भ्रमणध्वनीवरून थट्टेसाठी पाठविली जातात. चित्रपट तोच, चेहरा तोच. बदलला तो प्रेक्षक. सासुरवास हा ज्या बाईच्या अनुभवाचा भाग होता तिला विभाव पडद्यावरून घ्यावाच लागत नव्हता, तो ती घरून घेऊन येत होती. चित्रपटाचा भडकपणा नाकारण्याचे कारण नाही. पटकथेची रचना ढोबळ आहे आणि खलपात्रे कागदी आहेत. तरीही ज्यांच्या घरात ते दुःख नव्हते, किंवा होते पण आता विसरायचे आहे, त्यांच्या हसण्याला निखळ अभिरुचीचे नाव देताना थोडे थांबावे लागते. साधारणीकरण होण्यासाठी सहृदय लागतो, असे प्राचीनांनी सांगितले. सहृदयतेला वर्ग असतो काय, लिंग असते काय, हे मात्र त्यांनी विचारले नाही.

या हसण्याच्या मुळाशी संयमित अभिनयाचा एक मानदंड गृहीत धरलेला आहे. विसाव्या शतकात कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ आला, ध्वनिग्राहक ओठांशी आला, आणि कमीत कमी हालचालीत जास्तीत जास्त सुचविणारा नट श्रेष्ठ ठरू लागला. हा मानदंड उपयुक्त आहे, परंतु तो एकमेव नव्हे. कथकळीतला नट डोळ्यांची बुबुळे गरागरा फिरवतो, यक्षगानातला राक्षस डरकाळी फोडत येतो, कोकणातल्या दशावतारात संकासुर धुमाकूळ घालतो. त्यांना कोणी अतिअभिनयाचा दोष देत नाही, कारण तेथे संकेत आधीच जाहीर झालेला असतो. केजने आपल्या अभिनयाला ‘पाश्चात्त्य काबुकी’ म्हटले आहे आणि चित्रकाराला अमूर्ताची मुभा आहे तर नटाला का नसावी, असा सवाल वेळोवेळी केला आहे. जर्मन अभिव्यक्तिवादी मूकपटांचे ऋणही तो मान्य करतो. त्याची अडचण अशी की ज्या चित्रपटव्यवसायात तो वावरला तेथे रंगवलेला चेहरा आणि मुकुट घालून संकेत जाहीर करण्याची सोय नाही. नाट्यधर्मी अभिनय त्याला कोट-टाय घालून करावा लागला. त्याचे सगळेच प्रयोग सफल झाले नाहीत. ‘डेडफॉल’सारख्या (१९९३) चित्रपटात तर त्याचा स्वैरपणा कथेला झुगारून एकटाच धावताना दिसतो. पण ‘लीव्हिंग लास व्हेगस’मधल्या (१९९५) मद्यपीच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले, तेव्हा तेथेही भावना उतू जातच होती. फरक इतकाच की माइक फिगिस या दिग्दर्शकाने तिच्याखाली आत्मनाशाचा विभाव पक्का मांडून ठेवला होता.

आपल्या कामाचे तुकडे होऊन त्यांची थट्टा होते याबद्दल केजने खेद व्यक्त केला आहे. पात्र त्या टोकाला कसे पोहोचले हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. पुढे त्याने या दुर्दैवाचाच विषय केला. क्रिस्टोफर बोर्गली या नॉर्वेजियन दिग्दर्शकाच्या ‘ड्रीम सिनॅरिओ’त (२०२३) तो एका नीरस प्राध्यापकाच्या भूमिकेत आहे. हा प्राध्यापक काहीही न करता हजारो अनोळखी माणसांच्या स्वप्नांत दिसू लागतो. आधी लोक त्याचे कौतुक करतात, आणि स्वप्नातला प्राध्यापक हिंसक झाला की जागेपणीच्या प्राध्यापकाला हाकलून देतात. स्वतःचाच चेहरा आपल्या ताब्याबाहेर जगभर हिंडतो आहे हा अनुभव या भूमिकेत उतरल्याचे केजने सांगितले आहे. लक्षणीय गोष्ट ही की या भूमिकेत त्याचा आवाज बहुतेक वेळ खाली आहे, खांदे पडलेले आहेत, आणि संकलकाला कापून घेण्याजोगे त्यात फार थोडे आहे.

‘व्हॅम्पायर्स किस’मधले एक स्थिरचित्र मात्र अजूनही फिरते आहे. कोणीतरी त्याचे काळ्या रेघांचे रेखाटन केले आणि उपहासाने ‘असं होय?’ असे विचारण्याची खूण म्हणून ते जगभर वापरले जाऊ लागले : विस्फारलेले डोळे, ताणलेले ओठ, पुढे काढलेली मान. मूळ प्रसंगात पीटर लो आल्वाला सांगत असतो की या कचेरीत तूच सर्वांत खालच्या पायरीवर आहेस, म्हणून हे नकोसे काम तुझे. तो हे बोलतो तेव्हा ती त्याच्यासमोरच असते. रेखाटनात फक्त त्याचा चेहरा आहे.